विलायतेचा आहेर

शेलूबाजारात एक लग्न नवरीशिवाय झालं होतं, आणि त्याची पत्रिका मी स्वतः कारंज्याला जाऊन छापून आणली होती. गोष्ट छत्तीस सालची. आता सांगायला हरकत नाही, कारण त्या मांडवात जेवून गेलेल्यांपैकी चार-सहा जणच उरलेत, आणि त्यांतल्या दोघांना मी कोण हेही आठवत नाही.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. शालिकराम मास्तर. जात माळ्याची. अडाण नदीच्या अंगाला आमचे मळे. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवायचं आणि बाजाराच्या दिवशी विकायचं. माझी आत्या जिजाबाई गावातच दिलेली होती. आत्याच्या नवऱ्यालाही आमच्याकडे मामाच म्हणतात, म्हणून तिचे यजमान ते आमचे चंपतमामा. त्यांचा एकुलता एक मुलगा जगदेव, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आणि माझी धाकटी बहीण सोजर. सोजर पाळण्यात होती तेव्हाच आत्याने तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावून सांगून टाकलं होतं, ही माझी सून. भावाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याचा, त्यामुळे त्यावर कोणी कधी चर्चाही केली नाही.

जगदेव हुशार होता. हे मी नाखुशीने लिहितो आहे, पण खरं ते लिहिलं पाहिजे. नागपूरच्या शेतकी कॉलेजातून पहिल्या वर्गात पास होऊन आला आणि शाळेच्या ओसरीवर मला म्हणाला, "दादा, मले विलायतेले जाऊन शिकायचं हाये." आमच्याकडे संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळायची. आज हिरवंगार दिसणारं झाड पुढच्या पंधरवड्यात काटक्या होऊन उभं. का वाळतं ते कोणालाच सांगता येत नसे, म्हणून सगळे नजर लागली म्हणायचे. झाडांच्या रोगांचं शास्त्र तिकडे एडिंबरोला शिकवतात असं त्याने कॉलेजात ऐकलं होतं. त्याच्या डोक्यातून ते जाईना, आणि हळूहळू माझ्याही.

मग आम्ही स्कॉलरशिपा शोधायला लागलो. आता लोक याला काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्या घरी त्याला 'ढुंढणं' म्हणायचे. कारंज्याचा भांड्यांचा व्यापारी फुलचंद भांडी बांधायला मुंबईची जुनी वर्तमानपत्रं आणायचा. त्यातली वापरून उरलेली तो मला द्यायचा. शाळा सुटली की मी, जगदेव आणि सोजर ती रद्दी ओसरीवर पसरून बसायचो. कधी जाहिरात सापडायची ती अर्धीच. उरलेला अर्धा भाग तांब्याला गुंडाळून कोणाच्या तरी घरी गेलेला. एकदा एका संस्थानाचा नुसता पत्ता सापडला, काय देतात ते नाही. आम्ही तरीही अर्ज धाडला.

सोजर तेव्हा सोळा वर्षांची. तिला मीच लिहावाचायला शिकवलं होतं. ती पिठाची खळ करायची, पाकिटं चिकटवायची, आणि पत्ते माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात लिहायची. एडिंबरो कुठे आहे ते तिने नकाशात शोधून काढलं आणि तिथे नखाने खूण केली. आत्या मळ्यातून घरी जाताना मुद्दाम वाकडी वाट करून यायची आणि विचारायची, "सापडली का रे?" जसं काही म्हैसच हरवली आहे. माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस कोणते असं कोणी विचारलं तर मी ते सांगेन. हाताला खळ, पुढ्यात रद्दी आणि तिघं एका नकाशावर वाकलेले.

उत्तरं येत, पण ती वाचवत नसत. संस्थानाने कळवलं की अर्जदार आमच्या प्रजेपैकी हवा. एका फंडाने कळवलं की फंड दुसऱ्या जातीच्या मुलांसाठी आहे. सरकारची एकच जागा होती, अख्ख्या प्रांताला मिळून, आणि तिला दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या शिफारशी लागत. आमच्या ओळखीचे प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे एक पाटील आणि दुसरा फुलचंद. एका संस्थेने तर उत्तरासाठी आम्ही पाठवलेलं तिकीटच तेवढं परत केलं. जगदेव दोन दिवस जेवला नाही. सोजर मात्र रद्दी चाळत राहिली, आणि तिलाच ती जाहिरात सापडली. मुंबईच्या एका शेठच्या नावाचा ट्रस्ट होता. फी आणि दोन वर्षांचा राहण्याजेवणाचा खर्च ट्रस्ट देणार. बोटीचं भाडं आणि गरम कपडे ज्याचे त्याने करायचे. आणि अर्जदार अविवाहित असावा, कोणत्याही विवाहबंधनाने बांधलेला नसावा. आधी धाडलेला एक पठ्ठ्या घरची बायको विसरून तिकडे दुसरी करून बसला होता म्हणे, तेव्हापासून ट्रस्टने हा नियम केला होता.

मी सोजरकडे पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, "मंग काय झालं? थांबते मी. दोन वर्सं म्हंजे काय लय हायेत?"

पाळण्यातलं कुंकवाचं बोट म्हणजे बंधन नव्हे, असं मी ठरवून टाकलं. मास्तराला काय, काहीही ठरवता येतं. जगदेव मुंबईला मुलाखत देऊन आला आणि महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. आत्याने ते पत्र देवापुढे ठेवून त्याला नैवेद्य दाखवला.

राहिलं बोटीचं भाडं. मी म्हटलं, गावात वर्गणी काढू. चंपतमामा मोट हाकत होते, त्यांनी बैल थांबवले. "मास्तर, वर्गणी म्हंजे भीक. माह्या बापानं मांगली नाई, मी नाई मांगत." त्यांनी आणखी एक मोट वर काढली. मग तेच म्हणाले, "पन तीस वर्सं मी लोकाइच्या लग्नात आहेर करून राह्यलो. थो तं माहा हाये का नाई?"

आहेराची रीत अशी, की तुम्ही माझ्या घरी केला तो मी तुमच्या घरच्या लग्नात फेडायचा. मांडवात नावानिशी पुकारा होतो, त्यामुळे कोणी विसरत नाही. जगदेवच्या लग्नात पन्नास गावचा आहेर मामांकडे परत यायचाच होता. तो दोन वर्षं आधी आला म्हणून काय बिघडलं? पण आहेर हवेत होत नाही. त्याला मांडव लागतो, पाट लागतो, पाटावर बसलेला नवरदेव लागतो. मामांनी बजावलं, "हळद लागल्याबिगर घेतला तं थो आहेर नाई, दान होते. हळद लागलीच पायजे." असं ठरलं की सगळं करायचं, फक्त नवरी उभी करायची नाही आणि मंगलाष्टकं म्हणायची नाहीत.

पत्रिका काढायची कल्पना माझी. तोंडी निरोपावर लोक येणार नाहीत असं मला वाटलं. कारंज्याच्या छापखानेवाल्याने विचारलं, "नवरीचं नाव?" म्हटलं, नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जिथे वधूचं नाव असतं तिथे दोन मोर छापून दिले. वर गणपती, खाली 'चि. जगदेव यांच्या विलायतगमनाचे शुभकार्य'. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी गणपती पाहिला, हळदीची बोटं पाहिली, आणि समजायचं ते समजून घेतलं.

इथवर ठीक होतं. पण ज्याने आपल्यावर उपकार केला त्याला पहिली अक्षत, ही आपली रीत. मी एक पत्रिका ट्रस्टच्या सेक्रेटरींना पाठवली. पाकिटात चिमूटभर हळदीच्या अक्षता टाकल्या आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्य सिद्धीस न्यावे.' असा मी शहाणा माणूस. पोस्टात टाकून आलो तेव्हा किती समाधान वाटलं होतं, ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तो दिवस मात्र झाला झक्क. मांडवात माणूस मावत नव्हतं. गावातल्या सुंदरबाईने आणि तिच्या सोबतच्या चार जणींनी जात्यावर हळद दळली आणि गाणी म्हणत जगदेवला ती चोपडली. तो चष्म्यासकट पिवळा झाला. किन्हीराजाचे रामराव मोठे जमीनदार, ते छकड्यातून आले आणि फेटा व चांदीचे रुपये ठेवून गेले. गावचा खेमा आहेर पुकारायला उभा होता. त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. "आहेर आला होऽ, एक धोतर, एक तांब्याऽ" असं दुपारपर्यंत चाललं. तांबे, परात, टोप्या, उपरणी, एकाने तर कालवड आणून बांधली. "पोरगं कायच्या गावाले चाललं?" एका म्हातारीने विचारलं. खेमा म्हणाला, "समुद्राच्या तिकडं." म्हातारी म्हणाली, "मंग सोबत तिखट दे बाप्पा." भांडी फुलचंदने मांडवातच मोडीत घेतली आणि भाव चांगला दिला. वांग्याची भाजी आणि वरण-पोळी जेवून माणसं गेली तेव्हा जगदेवच्या बोटीचं भाडं उभं राहिलं होतं. चंपतमामा ताठ मानेने मांडव सोडत होते. इतकं खुशीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

एकच गोष्ट झाली. नवरदेवाच्या अंगची उरलेली हळद, उष्टी हळद, नवरीकडे जाते. ते आम्ही ठरवलेल्यात नव्हतं. पण आत्याच्या हातांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. तिने वाटी भरली, वर पान झाकलं, आणि डफडं वाजवत चार बायकांसोबत आमच्या घरी पाठवून दिली. माझी आई दारात अडखळली. सोजर पुढे झाली आणि तिने वाटी घेतली. संध्याकाळी मी मागच्या अंगणात गेलो तर ती बैलांच्या पाण्याच्या डोणीजवळ एकटीच बसली होती, कोपरापर्यंत पिवळी. मला पाहून तिने हात लपवले नाहीत.

"कोनाले सांगू नको, दादा," एवढंच म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी अकोल्याहून मोटार आली. मोटारीत एक वकील होते आणि त्यांच्या हातात माझी पत्रिका. तिच्या घडीत माझ्या अक्षतांचे दोन-तीन दाणे अजून चिकटलेले. ट्रस्टने त्यांना चौकशीला पाठवलं होतं. उमेदवाराचं लग्न झालं असेल तर मंजुरी रद्द, आणि बोट सुटायला तीन आठवडे. ओसरीवर बाजेवर वकीलसाहेब बसले, समोर जगदेव उभा, आणि गाव अंगणात. चंपतमामांनी सगळं खरं सांगितलं, आहेर का, मांडव का. वकीलसाहेब समजूतदार होते. हसले आणि म्हणाले, "रीत मला कळते, मी पण वऱ्हाडातलाच. म्हणूनच एक विचारतो. हळद लागली ना? मग उष्टी हळद कुठं गेली?"

खेमाला गप्प बसता येत नसे आणि खोटंही बोलता येत नसे. तो म्हणाला, "थे गेली ना सोजरच्या घरी. मास्तरच्या बहिनीकडं."

सोजरला बोलावलं. ती आली ती पदराखाली हात घेऊन. हळद नखांतून आणि तळहाताच्या रेघांतून चार दिवसांत जात नाही, आणि तिने ती धुवायचाही प्रयत्न केला नव्हता हे मला माहीत होतं. वकीलसाहेबांनी विचारायच्या आत तीच म्हणाली, "पयले बेलभंडार आना. मी उचलून सांगते. बाईच्या नुसत्या बोलन्यावर कोन इस्वास ठेवते?"

बेल आणि देवघरातला भंडारा आणला. भंडारा म्हणजे हळदच. तिने दोन्ही हात भरून घेतले, मुठी घट्ट मिटल्या, मनगटांपर्यंत चोळल्यासारखं केलं. मग म्हणाली, "हळद आली होती. मी लावली नाई. मी थे डोनीत सोडून देल्ली. मले यायच्याशी लगन करायचं नाई, अन् माही यायची सोयरीक नाई."

"हात दाखव, बाई," वकीलसाहेब म्हणाले.

तिने हात पुढे केले. पिवळे होते. का नसणार, आत्ताच भंडारा उचलला होता. वकीलसाहेबांनी त्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी काय ओळखलं ते मला माहीत नाही. मग ते जगदेवकडे वळले. "तुमची या मुलीशी सोयरीक ठरलेली आहे?"

जगदेवने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही साहेब," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो थोडा तरी थांबेल. तो थांबला नाही. प्रश्न संपायच्या आधी उत्तर आलं. चूक होती का? त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी पुढे शंभर वेळा स्वतःला विचारलं, आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं. पण त्या क्षणी मला त्याचा राग आला तो आला.

कागद मीच लिहिला, कारण गावात अक्षर माझं चांगलं. 'आम्हां उभयतांमध्ये कोणतेही नाते, करार अथवा बंधन नाही.' खाली सोजरने सही केली, मी शिकवलेल्या अक्षरात, त्याखाली जगदेवने, आणि साक्षीदार म्हणून मी. मोटार गेली. आत्या सोजरजवळ येऊन म्हणाली, "माही हळद डोनीत टाकली तुनं?" सोजर आत निघून गेली. त्या दिवसापासून आत्या तिच्याशी बोलेनाशी झाली, आणि खरं काय ते मी तिला सांगू शकत नव्हतो. आत्याच्या पोटात काही राहत नसे, आणि कागद मुंबईला पोचला होता.

जगदेव कारंज्याहून छोट्या गाडीने गेला. स्टेशनवर अर्धं गाव होतं, सोजर नव्हती. दर महिन्याला त्याचं मला पत्र यायचं. प्रयोगशाळा, बर्फ, झाडांच्या मुळांना लागणारी बुरशी. शेवटी 'सर्वांस नमस्कार'. त्यात तिचं नाव कधी आलं नाही. मी पत्र मोठ्याने वाचायचो. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. तिला स्थळं आली. चहा पिऊन जायची आणि परत यायची नाहीत. आत्याची हळद अंगाला न लावता डोणीत सोडणारी पोरगी, हे पंचक्रोशीत पसरलं होतं. गावाने तिच्या शपथेवर विश्वास ठेवला, हीच तिची शिक्षा झाली.

दोनाची तीन वर्षं झाली. एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात तो परत आला. आल्याबरोबर त्याला सरकारी फळबागेत नोकरी लागली. संत्रं का वाळतं ते त्याने पहिल्या आठवड्यात मळ्यात खणून मुळं दाखवून सांगितलं, आणि लोक तोंडात बोटं घालून ऐकत राहिले. मीसुद्धा. मग एका सकाळी आत्या, चंपतमामा आणि तो असे तिघं आमच्या घरी आले. आत्याच्या हातात नारळ होता. सोजरची ती शपथ त्याच्यासाठीच होती हे त्याने आत्याला परत आल्यावर सांगितलं असावं, कारण ती आल्या आल्या सोजरला पोटाशी धरून रडली. माझ्या वडिलांनी पाट मांडले. मला वाटलं, चला, संपलं. तीन वर्षांचा वनवास संपला.

सोजर माजघराच्या दारात उभी होती. जगदेवने मान वर केली. पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "सोजर, त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता."

"हाव. मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "पयले मीच बोलली. तुमी नाई म्हनले नसते तं तुमचं जानं मोडलं असतं. तुमचं कायच चुकलं नाई."

आत्याने नारळ पुढे केला.

"पन मी बोलली तवा थे खोटं होतं," सोजर म्हणाली. तिचा आवाज शांत होता, जरासुद्धा रागावलेला नव्हता. "मी घरी येऊन हात धुतले नाई. वाटलं, तुमी जायाच्या आंधी एकडाव तरी येसान. दुसरं काय नाई, नुसते येऊन जासान. तीन आठवडे होते. मंग हळद आपोआप गेली. तवापासून थे खरं झालं, जगदेवभाऊ."

जन्मात तिने त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. आत्याने हळूच नारळ मागे घेतला. जगदेव माझ्याकडे पाहत होता, मी तिला काही समजावीन म्हणून, आणि मी त्या तीन आठवड्यांत तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू कोणाची वाट पाहतेस.